भुताचं पुस्तक मागणारी मुलं आणि भा. रा. भागवत



आजच्या लेखाची सुरुवात माझ्याच एका चुकीने करते.

काही वर्षांपूर्वी सोलापुरात सहावीच्या वर्गाला शिकवत होते. मधल्या सुट्टीत मागच्या बाकावर चार-पाच जणांची डोकी एकत्र आलेली दिसली. मध्ये एक जाडजूड, कव्हर निघालेलं पुस्तक होतं. भयकथांचं, आणि तेही मोठ्या माणसांसाठीचं. वर्गातल्याच एका मुलीनं घरच्या कपाटातून आणलं होतं. मी ते काढून घेतलं, वर्गासमोर तिला चार शब्द सुनावले, आईला बोलावून पुस्तक परत दिलं. कर्तव्य पार पाडलं असं वाटलं.

महिन्याभरानं वाचनपेटीची वही चाळत होते. या मुलीचं नाव आधी दर आठवड्याला असायचं. त्या दिवसानंतर एकदाही नव्हतं. वर्गातली सगळ्यात जास्त वाचणारी मुलगी पेटीकडे फिरकायचीच थांबली होती. मी तिच्या हातातलं पुस्तक घेतलं, पण त्या जागी दुसरं काहीच दिलं नाही. चूक झाली ती इथे.

नऊ ते बारा या वयात मुलांना भीती हवीच असते. आपल्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर भूतबंगल्याचा तंबू लागला, की रांग कोणाची असते ते आठवा. बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात रात्री कोण फिरतं, याच्या गोष्टी कुठल्याही शाळेच्या मैदानावर ऐकायला मिळतात. त्यामुळे मूल असं पुस्तक मागणार हे नक्की. आपण देताना कोणतं द्यायचं, एवढाच खरा प्रश्न आहे.

या प्रश्नावर एका माणसानं जवळजवळ आयुष्यभर काम केलं. ते म्हणजे भा. रा. भागवत, फास्टर फेणेचे जनक. फास्टर फेणे बहुतेकांना माहीत असतो, पण त्याला जन्म देणाऱ्या माणसाबद्दल मुलांना फारसं सांगितलं जात नाही. चला तर, आज त्यांची ओळख करून घेऊ.

इंदूरचा जन्म आणि त्या काळची पुस्तकं

भास्कर रामचंद्र भागवत यांचा जन्म ३१ मे १९१० रोजी इंदूरला झाला. इंदूर हे तेव्हा होळकरांचं संस्थान. महाराष्ट्राच्या बाहेर, पण तिथे मराठी घरं पुष्कळ.

त्या काळात मराठी मुलांना वाचायला काय होतं? वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ साली ‘आनंद’ हे मुलांचं मासिक सुरू केलं होतं. बोधकथा होत्या, पुराणातल्या गोष्टी होत्या, राजा-राणीच्या कहाण्या होत्या. दुसऱ्या बाजूला मोठ्यांसाठी गो. ना. दातार आणि नाथमाधव यांच्या अद्भुतरम्य कादंबऱ्या निघत होत्या. भुयारं, तळघरं, वेषांतरं, कटकारस्थानं असा सगळा मसाला त्यात असायचा. पुढे बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांचा पूर आला. त्यांची पुस्तकं हजाराच्या वर गेली. ही सगळी पुस्तकं मोठ्यांची, पण मुलं ती अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचायची. तुमच्या आजोबांना विचारून पाहा, ते हसतील.

म्हणजे एका बाजूला चिमण्या-कावळ्यांच्या गोष्टी आणि दुसऱ्या बाजूला मोठ्यांच्या रहस्यकथा. मधल्या वयाच्या मुलासाठी फारच थोडं होतं. भागवतांचं काम या मोकळ्या जागेतलं आहे.

रेडिओ, चळवळ आणि तुरुंग

तरुणपणी भागवतांनी आकाशवाणीत नोकरी केली. रेडिओवर ऐकणाऱ्याला मागचं पान उलटून पाहता येत नाही. पहिल्या वाक्यात कान पकडला नाही तर तो बटण फिरवतो. भागवतांची पुढची पुस्तकं मोठ्यानं वाचून बघा. वाक्यं छोटी, बोलती आणि पळती आहेत. रेडिओच्या कामाचा त्यात वाटा असावा असं मला वाटतं.

१९४२ साली ‘चले जाव’ची चळवळ सुरू झाली. भागवत त्या चळवळीत उतरले आणि त्यांनी तुरुंगवास भोगला. तेव्हा ते बत्तीस वर्षांचे होते. सोलापूरकरांना त्या पिढीबद्दल फार सांगायला नको. १९३० सालचा आपल्या शहरातला मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा हे चार हुतात्मे आपण दरवर्षी मुलांना सांगतोच. भागवत त्याच काळात वाढलेले. भीती वाटली तरी पुढे जायचं असतं, हे त्यांनी आधी आजूबाजूला पाहिलं आणि मग गोष्टींत लिहिलं.

त्यांच्या पत्नी लीलावती भागवत यासुद्धा मुलांसाठी लिहीत आणि आकाशवाणीवर काम करत. नवरा-बायको दोघंही मुलांचे लेखक, असं हे घर होतं.

‘बालमित्र’ आणि ज्यूल व्हर्न

स्वातंत्र्यानंतर, १९५०च्या दशकात, भागवतांनी ‘बालमित्र’ हे मुलांचं मासिक चालवलं. मुलांचं मासिक चालवणं म्हणजे दर महिन्याला परीक्षा. मुलं खोटं कौतुक करत नाहीत. आवडलं नाही तर पुढचा अंक उघडतच नाहीत.

मुलांना थरार द्यायचा तर तो आणायचा कुठून? भागवतांनी फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न निवडला. व्हर्नचा काळ १८२८ ते १९०५. भागवतांनी त्याच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या: ‘पाताळलोकची अद्भुत यात्रा’, ‘चंद्रावर स्वारी’, ‘समुद्रसैतान’, ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’.

ही नावं जरा नीट पाहा. पृथ्वीच्या पोटात जाण्याच्या गोष्टीला त्यांनी ‘पाताळलोक’ म्हटलं. पाताळ हा शब्द मुलानं आजीच्या तोंडून आधीच ऐकलेला असतो. धूमकेतूला त्यांनी जुना शब्द वापरला, शेंडेनक्षत्र. परकी गोष्ट घरच्या दारातून आत आणायची, ही त्यांची रीत होती. मूल ओळखीच्या शब्दाचा हात धरून आत शिरतं आणि आत गेल्यावर त्याला ज्वालामुखी, खडकांचे थर, जुने जीव असं नवीन जग भेटतं.

‘समुद्रसैतान’ची गोष्ट तर आपल्या विषयासाठी फारच उपयोगाची आहे. समुद्रात एक प्रचंड राक्षसी प्राणी फिरतोय, जहाजांना धडका देतोय, अशी जगभर घबराट पसरते. त्याला मारायला एक जहाज निघतं. आणि मग कळतं की तो प्राणी नाहीच. ती कॅप्टन निमोची पाणबुडी आहे, नॉटिलस!

आता वर्गात हे वाचताना मुलांचे चेहरे बघा. राक्षस नाही हे कळल्यावर मुलांची निराशा होत नाही. उलट डोळे आणखी मोठे होतात. पाण्याखाली एवढं मोठं यंत्र कसं चालतं, आत श्वास कसा घेतात, हा निमो कोण, माणसांवर एवढा का चिडलेला, असे प्रश्न सुरू होतात. भीतीनं दार उघडलं आणि कुतूहल आत आलं. या वयाच्या मुलाला द्यायचं रहस्य असं असावं: आधी अंगावर काटा आणणारं आणि नंतर विचार करायला लावणारं.

जाता जाता एक माहिती. व्हर्नच्या पुढच्या एका कादंबरीत हा निमो मूळचा बुंदेलखंडातला राजपुत्र निघतो, १८५७च्या उठावात लढलेला. मुलांना हे सांगून बघा, वर्ग लगेच जागा होतो.

भागवतांनी नुसती भाषांतरंच केली नाहीत. उडत्या तबकड्यांचा विषय घेऊन ‘उडती छबकडी’ ही स्वतःची विज्ञान कादंबरी लिहिली. मराठीत विज्ञानकथा अजून रांगत होती, तेव्हाचं हे लेखन. ‘भुताळी जहाज’ नावाचं पुस्तकही त्यांनी दिलं. मुलांच्या पुस्तकाच्या नावात भूत आणायला ते कचरले नाहीत, हे आपण शिक्षकांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे.

फुरसुंगीचा पोरगा

आणि मग आला बनेश फेणे, ऊर्फ फास्टर फेणे. किडकिडीत अंगाचा, सायकलवर बसला की वाऱ्यासारखा सुटणारा, काही सुचलं की तोंडानं ‘टॉक्’ असा आवाज काढणारा. गाव फुरसुंगी, शाळा पुण्याची विद्याभवन, राहायला वसतिगृहात.

फुरसुंगी हे खरंखुरं गाव आहे. सोलापूरहून पुण्याला एसटीनं जाताना हडपसर जवळ आलं, की फुरसुंगी तिथून हाकेच्या अंतरावर असतं. आमच्या वर्गातल्या एका मुलाला हे कळलं तेव्हा पुढच्या वेळी पुण्याला जाताना तो म्हणे खिडकीतून सायकलवाला पोरगा शोधत होता. परीकथेतल्या राजपुत्राचं गाव असं एसटीच्या वाटेवर लागत नाही.

फास्टर फेणेची एकूण वीस पुस्तकं आहेत. ‘फुरसुंगीचा फास्टर फेणे’, ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’, ‘गुलमर्गचे गूढ आणि फास्टर फेणे’, ‘चक्रीवादळात फास्टर फेणे’, ‘गुप्तहेर फास्टर फेणे’ अशी नावं वाचूनच मूल पुस्तक उचलतं. त्यात चोर आहेत, लबाड माणसं आहेत, पाठलाग आहे, जिवावरचे प्रसंग आहेत. पण रक्ताचे सडे नाहीत. बन्या घाबरत नाही असंही नाही. घाबरतो, चुकतो, अडकतो आणि डोकं लढवून सुटतो. मोठी माणसं बहुतेक वेळा उशिरा पोचतात! वाचणाऱ्या मुलाला वाटतं, हे मलाही जमेल.

याच लेखकाचा दुसरा एक पोरगा आहे, बिपिन बुकलवार. त्याला वाचनाचं वेड. पुस्तकांत वाचलेलं तो रहस्य सोडवायला वापरतो. सायकल येत नसलेल्या, खेळात मागे पडणाऱ्या, कोपऱ्यात बसून वाचणाऱ्या मुलांना हा बिपिन जरूर द्या. त्यांचा तो हक्काचा नायक आहे.

फास्टर फेणे पुढे दूरदर्शनवर मालिका होऊन आला, सुमीत राघवनच्या रूपात. २०१७ साली आदित्य सरपोतदार यांचा चित्रपट आला. त्यात अमेय वाघ फास्टर फेणे झाला आणि दिलीप प्रभावळकर लेखकाच्या रूपात दिसले. पण हे बघायला भागवत नव्हते. २७ ऑक्टोबर २००१ रोजी, वयाच्या ९१व्या वर्षी त्यांचं निधन झालं होतं.

त्यांच्या कामातून आपण काय घ्यायचं?

मराठीत भय आणि गूढ लिहिणारे मोठे लेखक आहेत. नारायण धारप आहेत, रत्नाकर मतकरी आहेत. त्यांचं लेखन कमी दर्जाचं आहे असं मी मुळीच म्हणत नाही. पण धारपांच्या भयकथा आणि मतकरींच्या गूढकथा मोठ्या वाचकासाठी आहेत. दहा वर्षांच्या मुलाला त्यातली भीती पेलत नाही, कारण ती पुस्तक मिटल्यावरही संपत नाही. मतकरींनी मुलांसाठी मात्र वेगळं लिहिलं. ‘अलबत्या गलबत्या’मधली चेटकीण घाबरवते आणि हसवतेही. एकच लेखक वाचकाचं वय बघून भीतीचं माप बदलतो, हे त्यातून दिसतं.

पुस्तक मुलाच्या हाती देण्याआधी मी आता हे पाहते:

१. शेवट. शेवटची दहा पानं आधी वाचते. रहस्य उलगडतं का? मूल सुटकेचा श्वास टाकून झोपू शकेल का?

२. गाठ कोण सोडवतं? गोष्टीतलं मूल स्वतः विचार करतं, की सगळं नशिबावर किंवा मांत्रिकावर सोडलेलं आहे?

३. तपशील. मारामारी असली तरी चालेल. पण छळाचं, जखमांचं बारीक वर्णन असेल तर ते पुस्तक पुढच्या इयत्तेसाठी बाजूला ठेवते.

४. गोष्ट की दावा? गोष्टीत भूत असणं वेगळं आणि करणी, उतारे, गुप्तधनासाठी बळी हे खरंच असतं असं पटवणं वेगळं. आपल्या राज्यात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, तो या दुसऱ्या प्रकारासाठी. मुलांशी हा फरक मोकळेपणानं बोला. त्यांना तो कळतो.

५. भाषा. सोलापुरातल्या कितीतरी मुलांच्या घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलतात. अशा मुलाला जड, अलंकारिक मराठीतलं पुस्तक दिलं तर तो दुसऱ्या पानावरच थकतो. रहस्याची ओढ आणि छोटी वाक्यं असतील तर पन्नास पानं कधी संपली ते त्याला कळतही नाही.

६. मूल. हे सगळ्यात महत्त्वाचं. एकाच वयाची दोन मुलं सारखी घाबरत नाहीत. वाचल्यावर दिवा लावून झोपतोय, एकटा बाथरूमला जायला घाबरतोय, असं चार-आठ दिवस दिसलं तर थोडं थांबा. रागावू नका आणि घाबरट म्हणून चिडवू तर नकाच.

आता ढोबळमानानं क्रम सांगते. आठ-नऊ वर्षांना मतकरींची बालनाट्यं, ‘अलबत्या गलबत्या’, ‘निम्मा शिम्मा राक्षस’. नऊ-दहाला फास्टर फेणे आणि बिपिन बुकलवार. अकरा-बाराला व्हर्नची मराठी पुस्तकं आणि सत्यजित राय यांचा फेलूदा. फेलूदा अशोक जैन यांच्या अनुवादामुळे मराठीत सहज वाचता येतो. गंमत म्हणजे फेलूदाही १९६५ साली ‘संदेश’ या मुलांच्या मासिकातच जन्मला, आणि राय त्या मासिकाचे संपादक होते. बंगालीत राय, मराठीत भागवत. दोघंही मुलांचं मासिक चालवणारे. मुलांना काय हवंय हे त्यांना कळलं त्यात नवल नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. भागवतांची पुस्तकं त्यांच्या काळातली आहेत. त्यात मोबाइल नाही, रुपयाची किंमत वेगळी आहे, आणि मुलींच्या वाट्याला धाडस कमी आलं आहे. मुली हे विचारतात. तेव्हा सारवासारव करू नका. पुढची गोष्ट तुम्ही लिहा आणि नायिका तुम्हीच ठरवा, असं सांगा. माझ्या वर्गात त्यातून फार मजेदार गोष्टी निघाल्या.

वर्गात करून पाहण्यासारखं

वाचन प्रेरणा दिन, म्हणजे १५ ऑक्टोबर, जवळ आला की मी रहस्यकथेचा तास घेते. प्रकरण मोठ्यानं वाचायचं आणि उलगड्याच्या आधी पुस्तक मिटायचं. प्रत्येकानं चिठ्ठीवर आपला अंदाज आणि त्यामागचं कारण लिहायचं. कारण नसलेली चिठ्ठी बाद! दुसऱ्या दिवशी उरलेलं वाचायचं. दुसरा उपक्रम असा: आपल्या गल्लीतली एक भीतीदायक वाटणारी जागा निवडायची, तिच्याबद्दल ऐकलेलं एका बाजूला आणि स्वतः दिवसा जाऊन, मोठ्या माणसाला सोबत घेऊन पाहिलेलं दुसऱ्या बाजूला लिहायचं. निबंध आपोआप तयार होतो.

पालकांनो, घरी एवढंच करा. आपल्या शहरात हिराचंद नेमचंद वाचनालयासारखं जुनं ग्रंथालय आहे. मुलाला घेऊन एखाद्या ग्रंथालयात जा, त्याला निवडू द्या आणि त्यानं आणलेलं पुस्तक तुम्हीही वाचा. रात्री दोन पानं मोठ्यानं वाचलीत तर भीती निम्मी होते आणि मजा दुप्पट.

त्या मुलीचं पुढे काय झालं, हे सांगायचं राहिलं. मी वर्गासमोर बोलले होते म्हणून वर्गासमोरच तिची माफी मागितली. मग ‘गुलमर्गचे गूढ’ वाचनपेटीत सगळ्यात वर ठेवलं आणि तिला काहीच बोलले नाही. तीन आठवडे तिनं हात लावला नाही. चौथ्या आठवड्यात वहीत तिचं नाव दिसलं. पहिल्यासारखी धावत येऊन गोष्ट सांगायला मात्र तिला वर्षाचा शेवट उजाडावा लागला.

तुमच्या वर्गातला एखादा मुलगा किंवा मुलगी उद्या भुताचं पुस्तक मागेल. नाही म्हणण्याआधी तुमच्या कपाटात त्याच्या मापाचं एखादं पुस्तक आहे का, ते आजच बघून ठेवा.